पाळी जाण्याआधीचा काळ आणि हार्मोनची औषधं: पहिल्यांदा सुरू करताना

मला पहिली शंका आली ती हृदयाची. वय ४६. रात्री तीनच्या सुमारास दचकून जाग यायची, छातीत धडधडायचं, मानेखालची उशी ओली झालेली असायची. ईसीजी काढला, तो नीट आला. थायरॉइड तपासलं, तेही नीट. दोन डॉक्टरांनी ‘ताण घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. पाळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही, कारण पाळी तर येतच होती. पुढे एकदा कॅलेंडरवरच्या खुणा मोजत बसले तेव्हा लक्षात आलं, की माझं २८ दिवसांचं चक्र कधी २३ दिवसांवर येत होतं, तर कधी ३७ वर जात होतं. उत्तर त्या खुणांमध्ये वर्षभर पडून होतं.

पाळी अजून चालू आहे, पण शरीर पूर्वीसारखं वागत नाही, आणि कुणीतरी ‘हार्मोन घेऊन बघ’ असं सुचवलंय. तुमचं असं झालं असेल, तर कुठून सुरुवात करायची ते इथे पायरीपायरीने सांगते. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय हाताशी हवं आणि औषध सुरू झाल्यावर घरी काय सांभाळायचं, हे आपल्यालाच शिकून घ्यावं लागतं.

आधी थोडं समजून घेऊ. सलग १२ महिने पाळी आली नाही की शेवटच्या पाळीला रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. म्हणजे ती तारीख वर्ष उलटल्यावरच कळते. त्याआधीची काही वर्षं, जेव्हा बीजकोशांचं काम अनियमित होऊ लागतं, तो पेरिमेनोपॉज. या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशात तयार होणारं बायकांचं मुख्य हार्मोन, हळूहळू उतरणीला लागतं असा समज आहे, आणि बरेच गोंधळ तिथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात ते हिंदकळतं. एखाद्या महिन्यात ते तरुणपणापेक्षाही जास्त असतं, पुढच्या महिन्यात तळाला जातं. शिवाय काही महिन्यांत बीज बाहेर पडत नाही. बीज नाही म्हणजे त्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही नाही. मग गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि एके दिवशी भरभरून अंगावरून जातं. एकीकडे इस्ट्रोजेन जास्त असल्याची लक्षणं, म्हणजे स्तन दुखणं आणि जोराचा रक्तस्राव, तर दुसरीकडे ते कमी असल्याची, म्हणजे वाफा आणि झोपमोड. एकाच बाईला एकाच महिन्यात दोन्ही होऊ शकतं.

अंगातून वाफा का निघतात, याचं उत्तर मेंदूत आहे. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हायपोथॅलॅमसमध्ये असतं. इस्ट्रोजेन घसरलं की तिथल्या काही पेशी अतिउत्तेजित होतात, आणि तापमानात जरासा फरक पडला तरी ‘अंग तापलंय’ असा निरोप जातो. त्वचेकडे रक्त धावतं, घाम फुटतो, मग थंडी वाजते. हे सगळं मनाचे खेळ नाहीत. ‘सहन कर, सगळ्यांनाच होतं’ असं ऐकून गप्प बसलेल्या किती जणी मला भेटल्या आहेत. अमेरिकेत बायकांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफा निम्म्या जणींत ७ वर्षांहून जास्त टिकल्याचं दिसलं. सात वर्षं गप्प बसणं फार झालं.

पहिली पायरी: वही घाला

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी निदान दोन महिन्यांची नोंद जमवा. मोबाइल चालेल, साधी वहीही चालेल. पाळीची पहिली तारीख, किती दिवस गेली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का. दिवसा किती वेळा वाफ आली, रात्री किती वेळा जाग आली. चिडचिड, रडू येणं, विसरभोळेपणा, सांधे आखडणं, डोकेदुखी, योनीतला कोरडेपणा, लघवीची जळजळ. प्रत्येक त्रासाला ० ते १० पैकी आकडा द्या. रोज दोन मिनिटं पुरतात.

मी वहीवर एवढा जोर देते, कारण या काळात रक्ताची तपासणी फारसं काही सांगत नाही. एफएसएच हे बीजकोशांना चालना देणारं हार्मोन आज वाढलेलं दिसेल आणि पंधरा दिवसांनी अगदी नेहमीसारखं. ४५ च्या पुढच्या बाईत अशी लक्षणं आणि पाळीतला बदल असेल, तर निदान तेवढ्यावरच करावं, त्यासाठी हार्मोनच्या तपासण्या करू नयेत, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक सूचना २०१५ पासून सांगते. लाळेतून हार्मोन मोजून देणाऱ्या चाचण्यांवर तर एक पैसाही घालवू नका. पाळीच्या तारखा मात्र खरं बोलतात. लागोपाठच्या दोन चक्रांत ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडू लागला की हा काळ सुरू झाला असं धरतात, आणि ६० दिवस किंवा जास्त खंड पडू लागला की तो उत्तरार्धात आला.

वय ४० च्या आत असेल तर मात्र हा नियम लागू नाही. इतक्या लवकर पाळी विस्कटली तर रक्त तपासावंच लागतं. एफएसएच ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघतात. त्या वयात इस्ट्रोजेन नसणं हाडांना आणि हृदयाला महागात पडतं, म्हणून उपचारांचा हिशेबही वेगळा असतो. ४० ते ४५ मध्येही डॉक्टर तपासणी सांगू शकतात.

दुसरी पायरी: सगळं पाळीच्या माथी मारू नका

थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड आणि थकवा येतो. महिनोन्‌महिने जास्त अंगावरून गेलं तर हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा उतरतो आणि जिना चढताना धाप लागते. म्हणून टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी) आणि साखर एकदा बघून घ्यावी. बीपी मोजणं तर हवंच. मॅमोग्राफी वयानुसार ठरलेली असेल तशी. आणि पाळी चुकली असेल तर गरोदरपणाची चाचणी. ४५ व्या वर्षीही ती आधी करावी.

दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त दिसत असेल किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर हार्मोन सुरू करण्याआधी सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा तुकडा काढून तपासणी. कारण सापडल्याशिवाय त्यावर औषधांचं पांघरूण घालू नये.

तिसरी पायरी: आपल्याला चालेल का?

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा दुसरा कर्करोग असेल, पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा चालू आजार असेल, कारण न सापडलेला रक्तस्राव असेल, तर ही औषधं साधारणपणे देत नाहीत. यातल्या काही परिस्थितींत तज्ज्ञ वेगळा विचार करू शकतात, पण तो निर्णय त्यांनी समोर बसवून घ्यायचा. आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग होता, एवढ्यावरून दार बंद होत नाही. तुमचा स्वतःचा धोका किती हे मात्र आधी मोजून घ्यावं लागतं. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत असतील तर तेही सांगा. अशा वेळी गोळीऐवजी त्वचेवरचं इस्ट्रोजेन निवडतात.

आता त्या भीतीबद्दल, जी जवळजवळ प्रत्येकीच्या मनात असते: ‘हार्मोनने कॅन्सर होतो.’

ही भीती हवेतून आलेली नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध), दोन्ही गोळ्यांच्या रूपात, रोज. औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ३० च्या जागी ३८ जणींना झाला. गुठळ्या आणि पक्षाघातही वाढले. खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र कमी झालं. बातम्यांत ‘२६ टक्के वाढ’ एवढंच आलं आणि जगभरच्या बायकांनी रातोरात गोळ्या फेकून दिल्या.

बातम्यांत जे आलं नाही ते असं. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ४७ व्या वर्षी घामाने भिजून उठणारी बाई त्या अभ्यासात नव्हतीच. गर्भाशय काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट दीर्घकाळच्या पाहणीत तो कमी दिसला. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे काढल्यावर चित्र पालटलं. आज उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीचं २०२२ चं निवेदन सांगतं, की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, इतर काही अडचण नसेल आणि वाफांचा त्रास असेल, तर फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो आणि तो जितकी वर्षं घ्याल तसा वाढत जातो. पण ‘थोडा’ म्हणजे किती, हे वरच्या आकड्यांवरून समजून घ्या आणि मग ठरवा. मी तसंच केलं. ज्या बाईला सगळं समजावून सांगूनही नको वाटतं, तिचा निर्णयही तितकाच बरोबर.

चौथी पायरी: काय, कोणत्या वाटेने

औषधात दोन भाग असतात. इस्ट्रोजेन त्रास कमी करतं. प्रोजेस्टोजेन गर्भाशयाच्या अस्तराची राखण करतं. गर्भाशय आहे तिला दोन्ही लागतात, आणि ही गोष्ट मी दोनदा सांगेन. नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर जाड होत जातं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. हे १९७० च्या दशकातच सिद्ध झालं. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा इस्ट्रोजेन एकटं पुरतं.

इस्ट्रोजेन गोळीतून, पॅचमधून किंवा जेलमधून मिळतं. गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते, म्हणून गुठळीचा धोका थोडा वाढतो. त्वचेतून दिलेलं इस्ट्रोजेन थेट रक्तात उतरतं आणि नेहमीच्या डोसात गुठळ्या वाढल्याचं आजवरच्या निरीक्षणांत दिसलेलं नाही. वजन जास्त, बीपी, मधुमेह, अर्धशिशी असं काही असेल तर त्वचेचीच वाट धरावी. काही नसलं तरी माझा कौल तिलाच आहे. पॅच बहुधा २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात आणि प्रकाराप्रमाणे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा बदलतात. जेल रोज लावायचं. औषध कोणतं आहे हे विचारताना ‘एस्ट्राडायॉल’ हे नाव लक्षात ठेवा; आपल्या बीजकोशात तयार होणारं इस्ट्रोजेन तेच.

प्रोजेस्टोजेनमध्ये सूक्ष्म कणांचं नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन आज पुष्कळ डॉक्टर आधी निवडतात. पाळी अजून येत असेल तर ते दर महिन्याला १२ ते १४ दिवस, रात्री झोपताना २०० मिलिग्रॅम, अशा पद्धतीने देतात. ते दिवस संपले की पाळीसारखा रक्तस्राव होतो. तो अपेक्षित आहे, घाबरू नका. रोज १०० मिलिग्रॅम घेण्याची पद्धत पाळी जाऊन वर्ष झालेल्यांना जास्त सोयीची. आपले बीजकोश मधूनच जागे होत असताना ती सुरू केली, तर केव्हाही थेंब थेंब जात राहतं आणि बाई वैतागून सगळंच सोडून देते. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

तिसरी सोय म्हणजे गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉरजेस्ट्रेल या प्रोजेस्टोजेनचं साधन. दिसायला तांबीसारखंच, पण त्यातून दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम हार्मोन झिरपतं. अस्तराची राखण होते, जास्तीचा रक्तस्राव कमी होतो आणि गर्भ राहत नाही. ज्यांना अंगावरून फार जातं त्यांच्यासाठी मला तरी हा सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. वरून फक्त पॅच किंवा जेल लावायचं.

गर्भ राहण्याचं बोललेच आहे, तर हेही. पॅच, जेल आणि महिन्यातून काही दिवसांच्या कॅप्सूल हे गर्भनिरोधक नव्हे. या काळात बीज केव्हा बाहेर पडेल याचा भरवसा नसतो. शेवटची पाळी ५० च्या आत आली असेल तर पुढे दोन वर्षं आणि ५० नंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. पण औषधामुळेच रक्तस्राव होत असेल तर खरी शेवटची पाळी ओळखणार कशी? म्हणून हा प्रश्न पहिल्याच भेटीत काढा. पन्नाशीच्या आतल्या, सिगारेट न ओढणाऱ्या, बीपी आणि अर्धशिशी नसलेल्या बाईला कधी कधी कमी डोसाची गर्भनिरोधक गोळीच देतात. तिने दोन्ही कामं होतात.

चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. फिट्सची काही औषधं आणि क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन हार्मोनचा परिणाम कमी करतात. उलट इस्ट्रोजेन लॅमोट्रिजिन या फिट्सवरच्या औषधाची पातळी खाली आणू शकतं. थायरॉइडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनचीही गोळीच घेतली, तर थायरॉइडचा डोस पुन्हा तपासावा लागतो.

पाचवी पायरी: लावायचं कसं

पॅच कमरेखाली लावायचा, नितंबावर किंवा ओटीपोटावर. स्तनावर किंवा त्याच्या जवळ कधीही नाही. त्वचा कोरडी हवी, तेल-क्रीम लावलेलं नको. चिकटवून दहा-पंधरा सेकंद तळहाताने दाबून धरा. प्रत्येक वेळी जागा बदला, नाहीतर तिथे खाज आणि लाली येते. कमरपट्टा घासेल अशी जागा टाळा. मागे राहिलेला चिकटा थोड्या तेलाने निघतो. पॅच गळून पडला तर नवा लावा, पण बदलायचा वार तोच ठेवा. विचारल्याशिवाय कात्री लावू नका. सगळे पॅच कापण्याजोगे नसतात.

जेल कुठे लावायचं हे त्या त्या औषधाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, दंडावर किंवा मांडीवर. चोळून जिरवायचं नाही, पातळ पसरून पाच मिनिटं वाळू द्यायचं. त्यात अल्कोहोल असतं, तोवर आगीजवळ जाऊ नका. हात लगेच धुवा. तासभर तरी तो भाग भिजवू नका आणि त्यावर लोशन, सनस्क्रीन लावू नका. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर जेल लावलेली त्वचा कपड्याने झाका, कारण हार्मोन त्यांच्या अंगाला लागू शकतं.

प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल रात्रीच घ्या. तिने गुंगी येते. दिवसा घेतलीत तर भोवंड येईल, रात्री घेतलीत तर तीच गुंगी झोपेला मदत करते. महिन्याच्या कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते वहीत आधीच लिहून ठेवा. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका.

सहावी पायरी: पहिले तीन महिने

इथे सगळ्यात जास्त जणी हार मानतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वाफा बहुधा दोन-चार आठवड्यांत कमी होऊ लागतात. पूर्ण फरक कळायला तीन महिने द्या. झोप वाफांच्या पाठोपाठ सुधारते. योनीचा कोरडेपणा सगळ्यात सावकाश. मनाचं सांगता येत नाही. रात्री झोप लागू लागल्यामुळेच कित्येकींची चिडचिड उतरते, पण नैराश्य खोल असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतात आणि ते मागायला संकोच नको.

सुरुवातीला स्तन जड होणं, मळमळ, पोट फुगणं, डोकं दुखणं होऊ शकतं. बहुतेक वेळा काही आठवड्यांत थांबतं. न थांबल्यास डोस कमी करतात किंवा वाट बदलतात. मधूनच रक्त दिसणं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पुष्कळदा होतं. त्याची तारीख लिहा आणि डॉक्टरांना कळवा. सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं, फार जोरात गेलं, किंवा थांबलेलं पुन्हा सुरू झालं, तर तपासणी करायलाच हवी.

वही या तीन महिन्यांत खरी उपयोगी पडते. माझ्या वहीत दुसऱ्या महिन्यानंतर दिसलं, की रडवेपणाचे दिवस आणि कॅप्सूलचे दिवस नेमके जुळताहेत. त्याआधी मी औषधच नको म्हणायच्या बेतात होते. डॉक्टरांनी वही बघितली आणि इस्ट्रोजेन तसंच ठेवून प्रोजेस्टोजेनचा प्रकार बदलला. काही बायकांना प्रोजेस्टोजेन मनाला झेपत नाही. त्यांच्यासाठी दुसरा प्रकार, गर्भाशयातलं साधन, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच कॅप्सूल योनीमार्गे, असे मार्ग आहेत. स्वतःच्या मनाने प्रोजेस्टोजेन गाळून नुसतं इस्ट्रोजेन घेणं हा मार्ग नाही. हेच दुसऱ्यांदा सांगायचं होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. डोस वाढवला, त्याच आठवड्यात नवी झोपेची गोळी घेतली आणि कॉफीही सोडली, तर कशाने बरं वाटलं ते कुणालाच कळणार नाही. डोस रक्तातल्या आकड्यावरून ठरवत नाहीत, तुम्हाला कसं वाटतंय यावरून ठरवतात. तीन महिन्यांनी भेट, मग सगळं बसलं की वर्षातून एकदा.

पुढच्या भेटीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायची लक्षणं वेगळी: एकच पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक धाप, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, नजर जाणं, डोळे पिवळे होणं. स्तनात गाठ लागली तर तीही लगेच दाखवायची.

फक्त खालचाच त्रास असेल तर

कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग, एवढंच असेल तर सगळ्या शरीराला हार्मोन द्यायची गरज नाही. योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची छोटी गोळी किंवा क्रीम मिळतं. १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा वापरतात. रक्तात ते नगण्य उतरतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. वाफा आपोआप ओसरतात, हा त्रास मात्र वयाबरोबर वाढतो. इतका साधा उपाय असून लाजेपायी बायका वर्षानुवर्षं जळजळ काढतात याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टर विचारणार नाहीत. तुम्हीच सांगा.

‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं

रताळ्यासारख्या कंदापासून बनवलेली प्रोजेस्टेरॉन क्रीमं गर्भाशयाच्या अस्तराची पुरेशी राखण करतात असा पुरावा नाही. पॅचसोबत ती लावून निश्चिंत राहणं धोक्याचं आहे. खास तुमच्यासाठी म्हणून घोटून दिलेली हार्मोन मिश्रणं आणि त्वचेखाली बसवायच्या गोळ्या यांत डोसाची खात्री नसते. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या आणि सोयाच्या गोळ्या वाफांवर खात्रीने लागू पडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. टेस्टोस्टेरॉनचं सध्या फार बोललं जातं. रजोनिवृत्तीनंतर लैंगिक इच्छा नाहीशी होऊन त्याचा मनस्ताप होत असेल, तेवढ्यासाठीच त्याला आधार आहे. थकव्यासाठी किंवा स्मरणशक्तीसाठी नाही.

ज्यांना हार्मोन चालत नाही त्या मोकळ्या हाताने परतत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन, कमी डोसाचं पॅरॉक्सेटिन, गॅबापेंटिन या हार्मोन नसलेल्या औषधांनी वाफा कमी होतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण ते त्याचा परिणाम कमी करतं. मेंदूतल्या त्या उत्तेजित पेशींचा निरोपच अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते घेताना यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्या लागतात. बोधनिक वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, वाफांचा जाच आणि निद्रानाश दोन्हींवर उपयोगी ठरतो.

सातवी पायरी: किती वर्षं, आणि थांबायचं कसं

अमुक वयाला बंदच करायचं असा नियम नाही. दरवर्षी भेटीला जाताना बीपी, नवे आजार, घरात कुणाला नव्याने काही निघालं का, मॅमोग्राफीचा निकाल, आणि ‘अजून गरज आहे का’ हा प्रश्न घेऊन जा. पाळी जाऊन वर्ष होऊन गेलं असावं असं वाटलं की महिन्याच्या ठरावीक दिवसांच्या पद्धतीवरून रोजच्या पद्धतीवर जायचं का, हेही तेव्हाच विचारा. मग दर महिन्याचा रक्तस्राव थांबतो. हाडं ठिसूळ होण्यापासून इस्ट्रोजेन वाचवतं, हा फायदा औषध चालू असेतोवर. नुसतं हृदय किंवा स्मरणशक्ती जपण्यासाठी म्हणून ते घेत नाहीत.

थांबवताना एकदम बंद केलं तरी चालतं, डोस हळूहळू उतरवला तरी चालतं. हळू उतरवलं तर सुरुवातीचे दिवस सोपे जातात इतकंच. त्रास परत आला तर तो आधी होता तितकाच आहे की कमी, हे जुन्या वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा, आणि हवं तर कमी डोसावर पुन्हा सुरू करा. योनीतली गोळी मात्र बाकी सगळं थांबवल्यावरही चालू ठेवता येते. आणि सगळं बंद करून, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कधीही रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायला जा.